‘सिंगल-फॅमिली झोन’मधली फॅमिली : कुटुंब की बिऱ्हाड?

न्यू जर्सीत आमच्या गल्लीत चार बायकांचं एक घर आहे. चौघींना जन्मापासून बौद्धिक अपंगत्व. मदतनीस पाळीपाळीनं येतात. व्हीलचेअरच्या उतारासाठी त्यांचा ओटा हद्दीकडे वाढवायचाय, म्हणून २०० फुटांच्या आतल्या घरमालकांना सुनावणीची नोटीस आली. ती आईला मराठीत सांगताना मी ‘सिंगल-फॅमिली झोन’ला (एका घरात एकच ‘फॅमिली’ असा नियम असलेल्या भागाला) ‘एककुटुंबी वस्ती’ म्हटलं. आई लगेच म्हणाली, “मग त्या चौघी इथं कशा? त्या कुठं एका कुटुंबातल्या?”

हा प्रश्न माझ्या शब्दानंच तिच्या डोक्यात घातला. ‘कुटुंब’ म्हटलं की आपल्याला आधी नातं ऐकू येतं (जुन्या लोकांच्या तोंडी तर ‘आमचं कुटुंब’ म्हणजे बायकोच). इथं झोनिंगमध्ये, म्हणजे कुठल्या भागात काय चालेल हे ठरवणाऱ्या नियमांत, रक्ताचं नातं लागत नाही. प्लेनफिल्ड शहरानं नात्यात नसलेल्या चारांहून जास्त माणसांना एका घरात मनाई केली होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७९ मध्ये ती रद्द केली. ग्लासबरोत कॉलेजचे १० विद्यार्थी एका घरात राहत, स्वयंपाकघर एक, बिलं सामाईक खात्यातून. १९९० मध्ये न्यायालयानं त्यांनाही फॅमिलीत धरलं. शब्द वापरला जातो ‘सिंगल हाउसकीपिंग युनिट’, म्हणजे आपली ‘एक चूल’! आणि चुलीवरून मोजायचं ते बिऱ्हाड. ‘वाड्यात सात बिऱ्हाडं’ म्हणताना कोण कुणाचं कोण, हे कुणी विचारत नाही. म्हणून ‘एकबिऱ्हाडी वस्ती’ कसं वाटतं?

पुण्याहून प्रतिसाद : बिऱ्हाड म्हणजे भाड्याचं, हलतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. ‘ही माणसं आज आहेत, उद्या नाहीत’ हीच तर शेजाऱ्यांची तक्रार असते. तुम्ही त्यांच्याच हाती शब्द देताय. शिवाय सगळी अमेरिका म्हणजे न्यू जर्सी नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या बेल टेअर गावानं नात्यात नसलेल्या दोघांपुरतीच मुभा ठेवली आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७४ मध्ये ती मर्यादा उचलून धरली. तिथं ‘कुटुंब’च बरोबर.

माझं उत्तर : दुसरा मुद्दा मान्य. बेल टेअरला ‘कुटुंब’च म्हणावं. ओहायोतल्या ईस्ट क्लीव्हलँड शहरानं तर कुटुंबालाही कात्री लावली होती : दोन नातू एकमेकांचे सख्खे भाऊ नाहीत म्हणून त्यांना सांभाळणाऱ्या आजीला पाच दिवस कैद आणि २५ डॉलर दंड. १९७७ मध्ये तो नियम पडला. पण बिऱ्हाड हलतं ते म्हणीत. वाड्यांत तीन-तीन पिढ्या भाडेकरू म्हणून नांदल्या, आणि या चौघी आमच्याही आधीपासून इथं आहेत.

कुणी ‘सपोर्टिव्ह हाउसिंग’साठी (गरजेची मदत जोडलेल्या घरांसाठी) ‘आधारगृह’ सुचवलंय. तो शब्द मला नको. सुधारगृह, निरीक्षणगृह, कारागृह : या ‘गृहा’त माणूस ठेवला जातो. सपोर्टिव्ह हाउसिंगमध्ये भाडेकरार राहणाऱ्याच्या स्वतःच्या नावावर असतो आणि मदत त्याच्या मर्जीनं. ‘आधाराचं घर’ म्हणा, ‘घर’ सोडू नका. टेक्सासमधल्या क्लीबर्न शहरानं १३ मतिमंद माणसांच्या घराला नियमात मंदबुद्धींचं ‘हॉस्पिटल’ ठरवलं आणि खास परवाना मागितला. त्याच जागी बोर्डिंग हाउसला तो लागत नव्हता! १९८५ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं ती अट त्या घरापुरती रद्द केली. एका शब्दानं घराचा दवाखाना झाला होता.

न्यू जर्सीचा कायदा सांगतो की चौघींच्या घरासारखी घरं प्रत्येक निवासी झोनमध्ये चालतील, आणि अटी एकबिऱ्हाडी घराच्याच. हे सांगून नोटीस आईला पुन्हा वाचून दाखवली. ती म्हणाली, “म्हणजे त्यांच्या राहण्याचा प्रश्नच नाही. ओटा किती फूट पुढं येतोय, तेवढं विचारून ये.”