२० टक्के काढायचे तरी कुठून?
बचतीसाठी कुणीतरी लिहिलंय की पगारातले २० टक्के आधी बाजूला काढा मग खर्च करा, पण इथे इंदूरच्या कापड मार्केटात १२ हजारांवर हिशेब लिहिणाऱ्या माझ्या भावाचं भाडं, किराणा, पोराची फी गेली की २० तारखेलाच ओढाताण सुरू होते हो. वहिनी साड्यांना फॉल लावून सुटे पैसे पोह्यांच्या डब्यात टाकते, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डबा रिकामा, परत शून्यापासून. तरी चाळिशीच्या आत असाल तर श्रमयोगी मानधन ही सरकारी पेन्शन योजना बघाच, असंघटित कामगार, १५ हजारांपर्यंत कमाई, पीएफ नाही अशांना, २९ व्या वर्षी सुरू केली तर महिना १०० आपले, तेवढेच सरकारचे, साठीनंतर महिना ३००० पेन्शन. भाऊ ४३ चा, अटल पेन्शनलाही ४० चीच अट, याचं फार वाईट वाटतं.