अनुभव धागा: 'नाही' म्हटलं तेव्हा काय झालं?

बायबल अभ्यास संपल्यावर एका बहिणीने विचारलं, "मी थकले असं म्हणणं पाप आहे का?" खोलीत कुणीच लगेच बोललं नाही. मला मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आठवला. कफर्णहूमात संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलं होतं, प्रभू येशूने पुष्कळांना बरं केलं आणि पहाटे अंधारातच उठून तो एकांतात प्रार्थनेला गेला. शिष्य शोधत आले, सगळे तुमचा शोध करताहेत म्हणाले. तरी तो माघारी फिरला नाही, आसपासच्या गावांत जाऊ म्हणाला. त्याची वाट पाहणारी माणसं मागे कफर्णहूमात होतीच.

म्हणून हा धागा. घरात, मंडळीत (चर्चमध्ये), कामावर तुम्ही कुठे मर्यादा घातली आणि पुढे काय झालं, ते लिहा. फसलेलंही लिहा. नावं मात्र कुणाचीच नकोत.

* * *

मी संडेस्कूल घ्यायचे, गायनात होते, महिला मंडळाचा हिशेब माझ्याकडे आणि आजाऱ्यांच्या भेटीची यादीही माझ्याचकडे. कुणी लादलं नव्हतं. पाळकसाहेब विचारायचे, मी मान हलवायचे. प्रभूच्या कामाला नाही कसं म्हणायचं?

एका रविवारी वर्गात सहा वर्षांच्या एका मुलाच्या हातून रंगाचं पाणी सांडलं. मी इतक्या जोरात ओरडले की तो ब्रश हातात धरून तसाच उभा राहिला. रडलासुद्धा नाही. त्या रात्री झोप आली नाही, बायबलमधलं निर्गम १८ उघडलं. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसलेला, आणि सासरा इथ्रो त्याला सांगतो की तू करतोस हे ठीक नाही, अशाने तू झिजून जाशील आणि तुझ्याबरोबरचे हे लोकही. 'हे लोकही' इथे मी अडले. माझ्या थकण्याचा त्रास फक्त मला होतो, असं मी धरून चालले होते. तो त्या लेकराला झाला होता.

पाळकसाहेबांना भेटायला गेले तेव्हा दोन ओळी चिठ्ठीवर लिहून नेल्या, नाहीतर तोंडातून निघाल्या नसत्या. "संडेस्कूल आणि गायन करेन. हिशेब आणि भेटी महिनाअखेर सोडते." कारणं मुद्दाम लिहिली नव्हती. कारण सांगितलं की समोरचा त्यावर तोडगा काढतो आणि आपण पुन्हा तिथेच. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आधी का नाही बोललात?"

दोघीतिघींनी माझ्याशी बोलणं कमी केलं, ते लागलं. हिशेबाची वही चार महिने कुणी हातात घेतली नाही. कपाटावर पडलेली दिसली की माझे हात शिवशिवायचे, पण मी ती उचलली नाही. आता एक तरुण मुलगी बघते, माझ्यापेक्षा नीटनेटकं. त्या मुलाची मी सगळ्या वर्गासमोर माफी मागितली.

* * *

माझा धाकटा भाऊ जुगारात अडकला आहे. सात वर्षं त्याची देणी मी फेडली. 'सत्तर वेळा सात' क्षमा कर, हे येशूचं वचन तोच मला ऐकवायचा, आणि क्षमा केली म्हणजे पुन्हा पैसे द्यायलाच हवेत असं मीही मानत होतो. एका वृद्ध पाळकांनी योहान २:२४ काढून दिलं. पुष्कळ लोक येशूवर विश्वास ठेवू लागले होते, तरी त्याने स्वतःला त्यांच्या भरवशावर सोडलं नाही. क्षमा मी आजच करू शकतो. भरवसा त्याच्या वागण्यातून यायचा, त्याला वेळ लागणार.

मग गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय. दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहा, आणि पाचव्यात प्रत्येकाने आपला भार वाहावा. मूळ ग्रीकमध्ये शब्दच दोन आहेत. 'बारोस' म्हणजे माणसाला चेपून टाकणारं वजन, 'फोर्टिओन' म्हणजे ज्याचं त्याने न्यायचं ओझं. आईचं आजारपण आम्ही मिळून उचललं, तो बारोस होता. भावाची उधारी तशी नव्हती.

त्याला सांगितलं, रोख देणार नाही, जामीन राहणार नाही. उपचाराला निघालास तर सोबत येईन, फी तिथेच भरेन. घरी जेवायला केव्हाही ये. "कसला ख्रिस्ती तू!" म्हणाला आणि फोन आपटला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो. दीड वर्ष झालं. उपचार सुरू झाले, मध्येच सुटले. परवा त्याचा फोन आला, पहिल्यांदाच पैशाचा विषय न काढता. अर्धा तास बोललो.

* * *

छोटंसंच. यरुशलेमचा कोट बांधणाऱ्या नहेम्याला शत्रूंकडून ओनोच्या मैदानात भेटायला चार वेळा बोलावणं आलं, चारही वेळा त्याने एकच उत्तर पाठवलं: मी मोठ्या कामात आहे, येऊ शकत नाही. मी दर वेळी नवी सबब शोधायचे, म्हणून दमायचे. आता कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी फोन आला की नंतर दर वेळी तेच एक वाक्य सांगते. नणंदबाईंनाही सवय झाली.

* * *

माझी चूक सांगतो. 'मर्यादा घातली' म्हणून मी वडिलांशी दोन वर्षं बोललो नाही. खरं तर तो राग होता. मत्तय १८:१५ प्रमाणे आधी एकट्याने जाऊन अपराध दाखवायचा असतो, ते मी केलंच नव्हतं; मला काय खुपलं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. गेलो, बोललो. काही बाबतींत ते अजून तसेच आहेत, आणि त्या बाबतींत मी आता तिथल्या तिथे थांबवतो.

* * *

वर वडिलांबद्दल लिहिणाऱ्या भावाचं पटलं, तरी एक लिहिलंच पाहिजे. जिथे मारहाण आहे तिथे एकटीने समजवायला जाऊ नका. मला "सोस, प्रार्थना कर" सांगणारे खूप भेटले. राजा शौलाने भाला फेकला तेव्हा त्याच्या पदरी असलेला दावीद तिथून पळाला. पुढे गुहेत शौल हाती सापडला तरी त्याने त्याला मारलं नाही, आणि त्याच्याबरोबर राहायला परतही गेला नाही. मी बहिणीकडे निघून आले, कायद्याची मदत घेतली. नवऱ्यासाठी प्रार्थना रोज करते. पत्ता त्याला दिलेला नाही.