मदत हवी आहे: 'हर्बल' काळ्या मेंदीची अ‍ॅलर्जी, आईच्या केसांना आता काय लावावं आणि ते पाकीट तपासून कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे आणि जरा सविस्तर लिहितेय, कारण अर्धवट माहितीवर कोणी सल्ला द्यावा असं वाटत नाही.

माझी आई, वय ५८, नाशिकला असते. केस पांढरे व्हायला लागल्यापासून तिचं एकच, "मला केमिकल नको", म्हणून डाय कधीच लावला नाही, कायम मेंदी. पण साध्या मेंदीने केस भगवे दिसतात म्हणून ओळखीच्या पार्लरवाल्या ताईंनी काळी मेंदी सुचवली, छोटं पाकीट असतं बघा, वर हिरवी पानं आणि 'हर्बल' असं मोठ्ठं लिहिलेलं, पाण्यात कालवायची आणि अर्ध्या तासात केस काळेभोर. बरेच दिवस काहीच त्रास नव्हता. मग मधे कधीतरी लावल्यावर कानामागे खाज यायला लागली, सगळ्यांना वाटलं कोंडा असेल. आणि या वेळी लावली त्या दिवशी काही नाही, दुसऱ्या दिवशी कपाळ आणि कानाच्या पाळ्या लाल, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही डोळे सुजून मिटलेले, मानेवर फोड आणि त्यातून पाणी येतंय. फोटो टाकणार नाही, तिला आवडणार नाही.

स्किनच्या डॉक्टरांनी बघितल्याबरोबर विचारलं की केसांना काय लावलं होतं. थोड्या दिवसांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या आणि खाजेची गोळी दिली, आता सूज उतरलीय, कानामागे अजून साल निघतंय. ते म्हणाले बहुतेक पीपीडीची, म्हणजे डायमधल्या एका केमिकलची, अ‍ॅलर्जी आहे, नंतर पॅच टेस्ट करू. ओपीडीत एवढी गर्दी की याच्या पुढे काही विचारता आलं नाही.

आता अडचण अशी की मार्गशीर्षात धाकट्या भावाचं लग्न आहे आणि आई रडकुंडीला आलीय की पांढऱ्या केसांनी मांडवात कशी उभी राहू. आम्ही सगळे म्हणतोय की छान दिसतात, पण तिला ते पटत नाही आणि तिची इच्छा मला तरी महत्त्वाची वाटते. तर तिला सुरक्षित असं काही लावता येईल का? मेंदीच पूर्ण बंद करायची की फक्त काळी? मेडिकलमध्ये 'पीपीडी फ्री' लिहिलेला डाय मिळतो तो चालेल का? आणि दुसरं म्हणजे त्या पाकिटावर घटकांची यादीच नाहीये, फक्त 'नैसर्गिक वनस्पतींपासून' एवढंच. हे चालतं का? पार्लरवाल्या ताई खरंच भल्या आहेत, त्या म्हणतात मेंदीने असं कसं होईल. मला हे पाकीट कुठेतरी तपासून घ्यायचंय आणि तक्रारही करायचीय, कारण हेच पाकीट आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका लावतात. कोणी फार्मसीवाले, स्किनवाले असाल तर प्लीज लिहा.

सातपूरची सून:
आवळा पावडर लोखंडी कढईत रात्रभर भिजवून लावा, माझ्या सासूबाई तेच करतात, कधी काही झालं नाही. आईंना लवकर बरं वाटू दे.

गावातला केमिस्ट:
ताई, मी बी.फार्म आहे, तालुक्याच्या ठिकाणी मेडिकल आहे माझं, त्यामुळे असे पेशंट सणासुदीच्या आधी आणि लग्नसराईत काउंटरवर येतातच. नीट लिहितो.

पहिलं म्हणजे मेंदीच्या पानात जो रंग असतो, लॉसोन, तो नारिंगी-तांबडाच असतो. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या सोजतची मेंदी घ्या नाहीतर तुमच्या परसातली, नुसत्या मेंदीने पांढरे केस काळे होत नाहीत, आणि रंग चढायलाही काही तास लागतात. अर्ध्या तासात काळं करणारी पावडर असेल तर तो रंग जवळपास नेहमीच पीपीडीचा असतो, म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमिन, सोबत तो रंग पक्का करायला बेरियम पेरॉक्साइडसारखं काहीतरी. त्यात थोडी मेंदी, आवळा, भृंगराज असेलही, पण काळं करायचं काम पीपीडी करतं. म्हणजे तुमच्या आई इतकी वर्षं जे टाळत होत्या तेच त्यांना नकळत लावलं जात होतं, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

बरेच दिवस काही झालं नाही म्हणून ते सुरक्षित, असं या अ‍ॅलर्जीत नसतं. पीपीडी त्वचेतल्या प्रोटीनला चिकटतं, शरीर त्याला हळूहळू ओळखायला शिकतं आणि एकदा ओळख पटली की पुढच्या प्रत्येक वेळी रिअ‍ॅक्शन जास्त जोरात येऊ शकते. ही उशिरा येणारी अ‍ॅलर्जी आहे, लावल्यापासून एक ते तीन दिवसांनी दिसते, म्हणून लोकांना मेंदीचा संशयच येत नाही, आदल्या दिवशी काय खाल्लं ते आठवत बसतात. डोक्याची कातडी जाड असते तिथे कमी दिसतं, पापण्या, कान, मान इथे जास्त. कानामागची खाज ही बहुतेक सुरुवात होती. आणि ही अ‍ॅलर्जी साधारणपणे जन्मभर राहते, त्यामुळे "थोडीशी लावून बघू" हे आता कधीच नाही, घरी कानामागे थेंब लावून टेस्टसुद्धा नाही. ती टेस्ट ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांच्यासाठी असते.

'पीपीडी फ्री' बद्दल: यात खूप जण फसतात. पीपीडीऐवजी बऱ्याचदा टोल्युइन-२,५-डायअमिन घातलेलं असतं, ते त्याचंच भावंड, आणि पीपीडीची अ‍ॅलर्जी असलेल्या बऱ्याच लोकांना त्यानेही रिअ‍ॅक्शन येते. पॅच टेस्ट होईपर्यंत ऑक्सिडेशनवाला, म्हणजे दोन बाटल्या मिसळून लावायचा कुठलाही डाय नको.

पॅच टेस्ट जरूर करा पण आत्ता लगेच नाही. अंगात स्टेरॉइड असताना केली तर अ‍ॅलर्जी असूनही निगेटिव्ह येऊ शकते, कधी करायची ते डॉक्टर ठरवतील. पाठीवर छोट्या चकत्या चिकटवतात, दोन दिवस ठेवतात, पाठ भिजू द्यायची नाही, मग काढून बघतात आणि एक-दोन दिवसांनी परत बघतात. म्हणजे एका आठवड्यात दोन-तीन चकरा, त्या हिशोबाने लग्नाची कामं लावा. भारतात जी स्टँडर्ड किट वापरतात त्यात पीपीडी असतंच.

आणि एक कळकळीचं सांगणं, चेहऱ्याला आता खाज आली किंवा डाग राहिले तर शेजारणीने सांगितलेली स्टेरॉइडची ट्यूब लावू नका. २०१८ साली सरकारने अशा स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत, तरी अजून लोक नाव सांगून मागतात. माझ्याकडे चेहऱ्याची कातडी पातळ आणि लाल झालेल्या मुली येतात त्या यामुळेच.

शेवटचं, ही अ‍ॅलर्जी कागदावर लिहून आईंच्या पर्समध्ये ठेवा. बेंझोकेन नावाचं बधिर करणारं औषध दातांच्या काही जेलमध्ये आणि घशाच्या गोळ्यांमध्ये असतं, पीपीडीवाल्यांना त्याचीही अ‍ॅलर्जी निघू शकते. दाताच्या डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्याला आधी सांगायचं. आम्हाला काउंटरवर हे कोणी सांगतच नाही, आणि खरं तर आम्हीच विचारायला पाहिजे, २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशनमध्ये पेशंटला समजावून सांगणं हे आमचं काम म्हणून लिहिलेलं आहे.

सातपूरच्या ताईंनी सांगितलेलं चुकीचं नाही. आवळ्यातलं टॅनिन आणि कढईतलं लोह मिळून काळसर रंग होतो, पण तो फिकाच चढतो, पूर्ण पांढऱ्या केसांवर फार अपेक्षा नको.

पार्लर चालवते मी:
वाचून पोटात गोळा आला. आम्हालाही होलसेलवाले हेच सांगतात की ताई हे हर्बल आहे, गिऱ्हाइकाला बिनधास्त लावा. माझ्या बोटांना कायम भेगा असतात, मला वाटायचं भांड्याच्या साबणाने. हे त्याच्यामुळे असेल का?

गावातला केमिस्ट:
असू शकतं ताई, हेअरड्रेसर लोकांमध्ये हाताचा असा इसब खूप दिसतो. दाखवून घ्या. तोपर्यंत नायट्राइलचे ग्लोव्ह्ज वापरा, पातळ लॅटेक्समधून पीपीडी आत जातं. आणि एकदा वापरलेले उलटून परत घालू नका.

एम.फार्म, वनौषधी:
मी फार्माकोग्नोसीत, म्हणजे वनस्पतींपासूनच्या औषधांच्या अभ्यासात, एम.फार्म करतेय, आमच्या लॅबमध्ये बाजारातल्या मेंदी पावडरी बघायचं काम चालतं म्हणून लिहितेय. टीएलसीवर, म्हणजे सिलिकाच्या प्लेटवर, शुद्ध पीपीडी, शुद्ध लॉसोन आणि आपलं सॅम्पल शेजारी शेजारी चालवलं की पीपीडी आहे का नाही हे कळतं, किती आहे ते मोजायला एचपीएलसी नावाचं यंत्र लागतं. तुमच्या गावाजवळ फार्मसी कॉलेज असेल तर फार्माकोग्नोसीच्या मॅडम-सरांना भेटा, प्रोजेक्ट म्हणून कोणी करून देईलही. पण हे लक्षात ठेवा की कॉलेजचा रिपोर्ट तुमच्या समाधानापुरता, कारवाईसाठी तो चालणार नाही.

घटकांची यादी का नाही ते सांगते. कायद्याने कॉस्मेटिकवर यादी द्यावीच लागते, १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने आणि बाकीचे नंतर. पण घन पदार्थाचं पाकीट ३० ग्रॅमहून लहान आणि द्रव ६० मिलीहून कमी असेल तर यादीतून सूट आहे. मेंदीची पाकिटं छोटी असतात ती सगळी यात बसतात! मला हे वाचलं तेव्हापासून झोंबतंय, कारण सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जास्त खपणारं पाकीट तेच, आणि ते घेणाऱ्या बाईलाच आत काय आहे ते कळायचा मार्ग नाही. मात्र पीपीडी असलेल्या हेअर डायवर धोक्याची सूचना इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत छापावी लागते, त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी टेस्ट करा, पापण्या-भुवयांना लावू नका, आंधळेपणा येऊ शकतो. तुमच्या पाकिटावर ती आहे का बघा, मागच्या शिवणीजवळ बारीक अक्षरात असते कधी कधी. नसेल तर तक्रारीत हाच मुद्दा पहिला लिहा. आणि यादी असेल तिथे पीपीडी, १,४-डायअमिनोबेंझीन किंवा सीआय ७६०६० यातलं काहीही दिसलं तरी ते एकच.

लग्नासाठी: साधी मेंदी आणि त्यावर नीळ, म्हणजे इंडिगोच्या झाडाच्या पानांची पावडर, हा जुना रस्ता आहे. आधी मेंदी काही तास, धुवायची, मग इंडिगो पाण्यात कालवून तास-दीड तास. काळा-तपकिरी रंग येतो. पण इंडिगोच्या नावाखालीही पीपीडी मिसळलेलं विकलं जातं, त्यामुळे सुटी पावडर नको, मोठं पाकीट घ्या ज्यावर यादी आहे आणि त्यात पानांच्या पावडरीशिवाय काही नाही. चांगली इंडिगो भिजवल्यावर हिरवी दिसते आणि वरून हवा लागली की निळसर होते, भिजवल्यावर सगळी झटपट काळीठिक्कर पडली तर फेकून द्या. आणि डॉक्टरांना दाखवून, कातडी पूर्ण बरी झाल्यावर, तेच म्हणतील तेव्हाच.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं ओपीडीत कोणी सांगितलं नसतं. पाकीट पुन्हा पाहिलं, सूचना कुठेच नाहीये, मराठीत नाही, इंग्रजीतही नाही. बॅच नंबर आहे, उत्पादन परवाना नंबर पुसट आहे. पार्लरवाल्या ताईंना हा धागा वाचून दाखवला, त्यांनी उरलेली पाकिटं बाजूला काढून ठेवलीत. आता तक्रार नक्की कुणाकडे? ग्राहक मंच की एफडीए?

गावातला केमिस्ट:
दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. प्रॉडक्टवर कारवाई हवी असेल तर आपल्या राज्याचं अन्न व औषध प्रशासन, म्हणजेच एफडीए, तुमच्या जिल्ह्यात औषध विभागाचे सहाय्यक आयुक्त बसतात, तिथे लेखी अर्ज, सोबत पाकिटाचे फोटो, बिल, डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स, आणि पोच घ्यायचीच. औषध निरीक्षक दुकानातून सॅम्पल उचलू शकतात. ते होईना तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चं कलम २६ वाचा, त्यात विकत घेणाऱ्या कोणत्याही माणसाला ठरलेली फी भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासणी करून सही केलेला रिपोर्ट घ्यायचा अधिकार आहे. फार कमी लोकांना माहीत आहे हे. पैशांची भरपाई हवी असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि रिअ‍ॅक्शनची नोंद वेगळी करा. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे फार्माकोव्हिजिलन्सचा, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याचा, कार्यक्रम आहे, हर्बल प्रॉडक्टची रिअ‍ॅक्शनही कळवता येते, पेशंटसाठी वेगळा सोपा फॉर्म आहे, टोल फ्री १८००१८०३०२४. जवळच्या मेडिकल कॉलेजमध्ये त्यांचं सेंटर असतं बहुतेक. यातून तुम्हाला स्वतःला काही मिळणार नाही, पण अशा नोंदी जमल्या नाहीत तर ते छोटं पाकीट कुणाच्या नजरेतच येणार नाही.

धागाकर्ती:
ठीक, मग आधी एफडीएचा अर्ज आणि तो फॉर्म, दोन्ही या आठवड्यात. त्याच बॅचची सीलबंद पाकिटं बिलासकट घेऊन ठेवलीत. आईला इंडिगोचं सांगितलं, ती म्हणाली आधी ते डॉक्टर हो म्हणू देत. कलम २६ खाली स्वतः कोणी सॅम्पल दिलं असेल तर प्लीज लिहा, फी किती पडली, किती ग्रॅम लागतात आणि रिपोर्ट यायला किती वेळ लागला, म्हणजे मला त्या हिशोबाने अजून पाकिटं घ्यायची का ते ठरवता येईल.