अनुभव धागा : आपलं मत कुणी, कसं वळवलं?

निवडणुकीच्या दिवसांत आमच्या घरी तिघंजण तीन चॅनेल बघतात आणि आपलं मत आपणच ठरवलंय याची तिघांनाही खात्री असते. मलाही होती, आता तेवढी नाही. म्हणून विनंती : सरकारनं, पक्षांनी, वर्तमानपत्रांनी किंवा टीव्हीनं लोकांचं मत फिरवलेलं तुम्ही जवळून पाहिलं असेल, त्यात हात लावला असेल, त्यात वाहवत गेला असाल, तर लिहा. ऐकीव नको. व्यक्तींची आणि संस्थांची नावंही नकोत.

पुणे, निवृत्त शिक्षिका
आणीबाणी आली तेव्हा मी एस.वाय.ला होते. वडील छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. सेन्सॉरकडून प्रूफ लाल पेन्सिलीनं खोडून आलं की जुळवलेल्या ओळी सोडवून खिळे पुन्हा खणांत टाकायचे. जागा कोरी ठेवायलाही बंदी, कारण कोऱ्या जागेवरून वाचकाला कळलं असतं. मग तिथं मुरांब्याची कृती यायची. समोरच्या वाड्यातले मास्तर 'मिसा'खाली, म्हणजे खटल्याविना डांबायच्या कायद्याखाली, येरवड्याच्या तुरुंगात होते, पण पेपरात त्यांचं नाव नव्हतं. गाड्या वेळेवर धावतात हे मात्र रोज असायचं. आणीबाणीला तेव्हा 'अनुशासन पर्व', म्हणजे शिस्तीचा काळ, म्हणायचे. मी वक्तृत्व स्पर्धेत त्याच्या बाजूनं बोलले आणि पहिली आले. बक्षीस घेऊन घरी आले तेव्हा वडील जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विदर्भ, माजी वार्ताहर
२००९ च्या विधानसभेला मी तालुक्याला वार्ताहर होतो. मानधन नावापुरतं, पोट जाहिरातींच्या कमिशनवर. मतदान ऑक्टोबरात होतं. त्याआधी जिल्हा कार्यालयात आम्हाला बोलावून 'पॅकेज' समजावलं : रोज एक बातमी, फोटोसकट, मधूनमधून मुलाखत, विरोधकाची बातमी अडवायची तर दर वेगळा. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. मॅटर उमेदवाराच्या कचेरीतून पेनड्राइव्हवर यायचं. वर 'प्रतिनिधी' घालून पुढं पाठवायचं, बस. एकाच पानावर दोन प्रतिस्पर्ध्यांचा विजय निश्चित असल्याचं आम्ही छापलंय.

शेतमजुरांत काम करणारा एक अपक्ष होता. सायकलवर निवेदन घेऊन यायचा. त्याच्या सभेला तीनेकशे माणसं मी स्वतः पाहिली, बातमी पाठवली. छापली नाही. विचारलं तर उत्तर आलं, "त्याचं पॅकेज कुठाय?" तो भेटला की म्हणायचा, "भाऊ, उद्या येईल ना?" चार दिवस मी 'येईल' म्हटलं. निकालानंतर आमच्याच गल्लीतले लोक म्हणाले, हा उभा होता हे ठाऊकच नव्हतं.

उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा तेव्हा १० लाख होती. हा पैसा रोखीचा, बिल नाही, त्यामुळं तो निवडणुकीच्या हिशेबात दिसायचाच नाही. आणि जाहिरात म्हटलं की वाचक सावध होतो, बातमी म्हटलं की विश्वास ठेवतो. किंमत त्या विश्वासाची होती. वर्तमानपत्रांवर देखरेख करणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी यावर ७१ पानांचा अहवाल लिहिला, वर्तमानपत्रांच्या नावांसह. २०१० मध्ये कौन्सिलनं तो पूर्ण प्रसिद्ध केला नाही. माहितीच्या अधिकाराखालच्या केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये तो लोकांपुढं आला.

↳ *तो अपक्ष पुढं भेटला का?*
↳ भेटतो. पेपरचा विषय तोही काढत नाही, मीही नाही.

मुंबई
सोशल मीडियावर प्रचार करणाऱ्या एका एजन्सीत आठ महिने होते. टेबलावर बारा मोबाइल. 'सांगलीचा शेतकरी' मीच, 'नाशिकची गृहिणी'ही मीच. सकाळी ओळी तयार मिळायच्या, त्या थोड्या फिरवून टाकायच्या. एका आजोबांनी त्या शेतकऱ्याला विचारलं, "बाळा, कर्ज किती आहे तुझं?" मला काही लिहिता आलं नाही. पुढच्याच महिन्यात सोडलं.

नगर
आमच्याकडे वर्षानुवर्षं एक चाचा फळांची गाडी घेऊन यायचे. आईला मधुमेह, तर तिच्यासाठी पेरू बाजूला काढून ठेवायचे. २०२० च्या मार्चअखेरीस, कोरोनाच्या सुरुवातीला, दिल्लीच्या मरकजची, म्हणजे तबलिगी जमातच्या केंद्रात जमलेल्या लोकांत कोरोना सापडल्याची बातमी आली आणि टीव्हीवर दिवसरात्र तेच. सरकारी पत्रकार परिषदेतही मरकजशी संबंधित रुग्णांचा आकडा वेगळा काढून सांगायचे. सोसायटीच्या ग्रुपवर ठरलं, नाव विचारूनच गाडीवाल्याला आत सोडायचं. मी त्या मेसेजखाली होकाराचा अंगठा टाकला. कुणी जबरदस्ती केली नव्हती, मला खरंच भीती वाटत होती.

२१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा निकाल आला. मरकजला जाऊन आलेल्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द झाले, आणि तेही आमच्याच जिल्ह्यात नोंदवलेले. छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून या लोकांविरुद्ध मोठा अपप्रचार झाला, साथीच्या काळात बळीचा बकरा शोधला जातो, असं न्यायालयानं म्हटलं. एप्रिलभर मी टीव्हीसमोरून हललो नव्हतो. हा निकाल मला पेपरात आतल्या पानावर सापडला. ग्रुपवर टाकला. कुणी काही बोललं नाही.

दिवाळीच्या सुमारास चाचा पुन्हा येऊ लागले. आता गाडी गेटबाहेर लावतात. आत या म्हटलं तरी येत नाहीत. आईचे पेरू पिशवीत घालून वॉचमनकडे देतात.