ऐकलेलं पुस्तक 'वाचलं' म्हणायचं का?

संत्रानगरीकर:
चार पुस्तकवाले जमले की रडगाणं ठरलेलं. पोरं वाचत नाहीत, कानात बोंडं घालून पुस्तकं ऐकतात, हे काय वाचन झालं? माझं मत उलटं आहे. भांडायला या.

म्हाइंभटांनी लीळाचरित्र, म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ, लिहिलं ते तेराव्या शतकात, आपल्या नागपूरहून जवळच, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात. गोव्यात छापखाना आला 1556 ला. फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण तिथेच 1616 मध्ये छापलं, तेही रोमन अक्षरांत. देवनागरीतलं मराठी व्याकरण 1805 मध्ये छापून निघालं ते पार बंगालात, सेरामपूरला. मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर, म्हणजे दगडावरून छापून, पंचांग काढलं 1831 मध्ये. घरोघरी पुस्तकं पोचायला त्यानंतरही बराच काळ गेला. म्हणजे एकट्याने, ओठ न हलवता कादंबरीत बुडून जाणं ही आपल्याकडे फार तर दीडशे वर्षांची सवय. त्याआधी चातुर्मासात पोथी लावायचे. एक जण वाचायचा, अख्खी आळी ऐकायची. रडायची, हसायचीसुद्धा. मग मेट्रोत कादंबरी ऐकणारी पोरगी वाचक नाही, हे कोणत्या हिशोबाने?

जुनी_पानं:
पुस्तकाच्या वासाबद्दल बोलणार नाही, घाबरू नका. साधा मुद्दा आहे. वाचताना वेग माझा असतो. एखाद्या ओळीवर दहा मिनिटं अडून बसता येतं, न पटलेल्या जागी समासात फुली मारता येते. ऐकताना निवेदक पुढे निघून जातो आणि मी भाजी चिरत राहतो. मागे जायचं बटण असतं, मान्य. पण दाबतो कोण?

इंदोऱ्याची_लेक:
भाऊ, 'अख्खी आळी ऐकायची' म्हणून राहिले तुम्ही. कोणती आळी? आमची नव्हती त्यात. पोथी ज्याच्या हातात, अर्थ त्याचा. बाकीच्यांनी लांब बसून मान डोलवायची, आणि काहींनी तर तेवढ्या लांबही बसायचं नाही. 1855 मध्ये फुल्यांच्या शाळेतली मातंग समाजातली मुक्ता साळवे 'ज्ञानोदया'त नेमकं हेच विचारते: ज्या धर्माचे ग्रंथ आम्ही पाहायचेसुद्धा नाहीत, तो धर्म आमचा कसा? ते विचारता आलं कारण ती शाळेत गेली, आणि ते आज माहीत आहे कारण ते छापलं गेलं.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर या एकदा. 1956 नंतर तिथे दरवर्षी माणूस येतो, स्तूपापुढे वाकतो आणि जाताना पुस्तक घेऊन जातो. गाठोडं डोक्यावर, पोर काखेत, आणि पिशवीत बाबासाहेबांचं काहीतरी. कोणाकडे पातळशी पुस्तिका, कोणाकडे शासनाने काढलेल्या 'लेखन आणि भाषणे'चा जाडजूड खंड. आमच्या आजीला अक्षर येत नव्हतं, तरी तिने घेतलं. ऐकायचंच होतं तर भाषणं काय कमी होती तिथे?

संत्रानगरीकर:
ताई, मग आजीला ते वाचून कोणी दाखवलं?

आणि लीळाचरित्राचंच बघा. मूळ प्रत धामधुमीत गेली. ज्यांनी ऐकलं होतं त्यांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. कान नसते तर मराठीचा हा पहिला मोठा गद्यग्रंथ आज नसता.

जुनी_पानं:
म्हणूनच तर त्याचे इतके पाठभेद आहेत, प्रत्येक प्रतीत मजकूर वेगळा! पाठ जुळवता जुळवता संशोधक म्हातारे झाले. आणि पुढे महानुभावांनी पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बाहेरच्या माणसाला त्या वाचता येत नव्हत्या. चांगला ऐकवणारा न भेटलेल्या वाचकाने करायचं काय?

कागदवेडा:
छापील म्हणजे टिकाऊ, हेही डोक्यातून काढा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात चिंध्यांच्या लगद्यापासून हातकागद करायचे, तसल्या कागदावरच्या पोथ्या अजून नीट उलगडतात. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला, त्यात आम्ल राहायचं. तसलं शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक नागपूरच्या मे महिन्यात उघडून दाखवा, कडा हातात येतात. आणि छापील पुस्तकाला तरी कुठे लगेच मान मिळाला? शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी शिवायला तयार नव्हती. तुपातली शाई करावी लागली तेव्हा पंचांग देवघरात गेलं.

बर्डीवाला:
काऊन भांडून राहिले बे? बर्डीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात, घ्या आणि वाचा. ऑडिओला महिन्याचे पैसे कोण भरत बसते?

इंदोऱ्याची_लेक:
@संत्रानगरीकर, आजीला मीच वाचून दाखवायची. पण ती मध्येच थांबवायची: "कुठं लिवलं हाये? बोट ठेव." बोट ठेवल्याशिवाय पुढे जाऊ द्यायची नाही. आयुष्यभर दुसऱ्यांनी 'ग्रंथात असं लिहिलंय' म्हणून तिला ऐकवलं होतं, तिचा नुसत्या आवाजावर भरवसा नव्हता. तुमच्या मेट्रोतल्या पोरीला बोट ठेवायची गरज पडत नाही, कारण तिला वाचता येतं आणि पुस्तक हवं तेव्हा मिळतं. तिने खुशाल ऐकावं. पण पोथी लावायच्या जमान्याचा दाखला तिच्यासाठी देऊ नका, तो तिला लागू नाही.

संत्रानगरीकर:
दाखला मागे घेत नाही. आवाजावर भरवसा नव्हता म्हणता, पण तुमच्या आवाजावर होता ना? पोथी वाचणारा बदलला, पोथी लावणं तुमच्या घरात चालूच होतं. आता ते का मोजायचं नाही, ते सांगा.