पॉम्पेई की हर्क्युलेनियम? नेपल्समधील तीन दिवसांविषयी घरच्या ग्रुपवरील चर्चा

आत्या: आमची विमानाची तिकिटे निघाली आहेत. तुझ्याकडे नेपल्सला आम्हाला पूर्ण तीन दिवस मिळतील. त्यातला एक दिवस पॉम्पेईसाठी, त्या ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या रोमन शहरासाठी, राखून ठेव, कारण इतक्या दूर येऊन ते पाहायचे राहिले तर मला कायमची चुटपुट लागेल. उरलेले दोन दिवस तू ठरवशील तसे.

मी: आत्या, तुझा बेत मोडायची माझी इच्छा नाही, पण वास्तुजतनाच्या अभ्यासासाठी दीड वर्ष येथे राहिल्यावर माझे एक ठाम मत झाले आहे, ते मी मोकळेपणाने लिहिते. शहराबाहेर एकच दिवस काढता येणार असेल, तर तो हर्क्युलेनियम या तशाच गाडल्या गेलेल्या लहान गावाला द्यावा, आणि तेथेही उतरल्या उतरल्या न जाता आधी एक दिवस नेपल्सच्या जुन्या गल्ल्यांतून पायी फिरून मग जावे. मी स्वतः याच्या उलट केले होते. आल्यानंतर पहिल्याच रविवारी पॉम्पेई गाठले, सहा तास उन्हात चालले, शेकडो फोटो काढले, आणि संध्याकाळी खोलीवर परतल्यावर कोणते घर कोणते हे मला सांगता येईना. पॉम्पेईचा विस्तार सुमारे ६६ हेक्टर आहे आणि त्यातला दोन-तृतीयांश भाग खणून मोकळा झाला आहे. डोळ्यांना सवय नसताना एवढे मोठे ओसाड शहर पाहिले की मनात फक्त भिंती उरतात.

धाकटे काका: दोन्ही गावे वेसुव्हियस ज्वालामुखीच्या एकाच उद्रेकात गेली, असेच आम्ही वाचले आहे. मग पाहण्यासारखा फरक नेमका कोणता?

मी: काका, उद्रेक एकच, इसवी सन ७९ मधला, पण दोन्ही गावांचा मृत्यू वेगवेगळ्या रीतीने झाला. त्या दिवशी वारा पॉम्पेईच्या दिशेने वाहत होता, त्यामुळे तेथे कित्येक तास हलक्या, सच्छिद्र दगडांचा पाऊस पडत राहिला आणि त्या भाराने छपरे कोसळली. हर्क्युलेनियम डोंगराच्या पश्चिम पायथ्याशी, वाऱ्याच्या मागच्या बाजूला होते. तेथे हा पाऊस फारसा झाला नाही, पण रात्री तापलेल्या वायूचे आणि राखेचे लोट उतारावरून खाली आले आणि सारे गाव सुमारे २० मीटर जाडीच्या थराखाली गाडले गेले. त्या प्रचंड उष्णतेत लाकडाचा जागच्या जागी कोळसा झाला आणि वरून हवा बंद झाल्यामुळे तो तसाच टिकला. म्हणूनच तेथे घरांचे वरचे मजले उभे आहेत, दारांच्या चौकटी आहेत, एका घरात सरकणारा लाकडी पडदा आहे आणि एका दुकानात मडकी ठेवायची लाकडी मांडणीसुद्धा आहे. उत्खननात एक बाळाचा पाळणा आणि भट्टीतून काढलेले पावही मिळाले. दगडी खांब जगात अनेक ठिकाणी पाहायला मिळतात, पण दोन हजार वर्षांपूर्वीचे घरातले लाकडी सामान क्वचितच कोठे पाहायला मिळते.

आता आधी नेपल्स का, ते सांगते. हे शहर ग्रीकांनी इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात नेआपोलिस, म्हणजे ‘नवे नगर’, या नावाने वसवले, आणि त्यांनी आखलेले सरळ रस्ते आजही त्याच रेषांवर वापरात आहेत. व्हिया देई त्रिबुनाली हा त्यांपैकी मुख्य रस्ता. त्यावरच्या सान गाएतानो चौकात सान पाओलो माज्जोरे चर्चच्या दर्शनी भागावर जुन्या रोमन मंदिराचे दोन खांब आजही उभे आहेत. मंदिराचा बाकीचा दर्शनी भाग १६८८ च्या भूकंपात पडला. समोरच्या सान लोरेन्झो चर्चखाली उतरले की दुकानांच्या ओळींसह रोमन काळातील बाजाराची गल्ली लागते. वरच्या गल्लीतून खाली उतरून पुन्हा वर आलात की दोन्हींची रुंदी, दोन्हींतले दुकानाचे दार आणि आतली अंधारी खोली सारखीच आहे, हे कोणी न सांगताच कळते.

येथे ‘बास्सो’ म्हणून एक घर असते: तळमजल्यावरची एकच खोली, जिचे दार थेट रस्त्यावर उघडते आणि जिच्यात अख्खे कुटुंब राहते. माझ्या वाटेवरच्या एका बास्सोच्या दारात एक आजी रोज खुर्ची टाकून शेंगा सोलत बसलेल्या असतात, आणि वरच्या मजल्यावरची शेजारीण दोरीला बांधलेली टोपली खाली सोडून भाजी वर ओढून घेते. हे पाहिल्यानंतर हर्क्युलेनियममधले ‘कासा आ ग्रातीच्चो’ हे घर पाहिले, तेव्हा मी खूप वेळ तेथून हलले नाही. लाकडी सांगाड्यात दगडगोटे आणि चुना भरून उभारलेल्या स्वस्त भिंती, वर दोन निरनिराळ्या बिऱ्हाडांचे मजले, आणि रस्त्यावर झुकलेला सज्जा. श्रीमंतांचे वाडे सगळीकडे जपले जातात, पण भाडेकरूंचे घर इतके शाबूत राहिलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही. माझ्या आग्रहाचे खरे कारण हेच आहे.

आजोबा: बाळ, तू छान लिहिले आहेस. माझ्या दोन शंका आहेत. तुझ्या आत्याचे गुडघे लक्षात घेता चालणे किती आहे? आणि तो ज्वालामुखी अजून जागा आहे ना?

मी: आजोबा, गारिबाल्दी स्थानकावरून चिरकुमवेसुव्हियाना ही लोकल गाडी पकडली की साधारण वीस मिनिटांत हर्क्युलेनियमसाठीचे एर्कोलानो स्कावी स्थानक येते, आणि तेथून सरळ उतारावर दहा मिनिटे चालले की प्रवेशद्वार लागते. जाताना उतार असल्यामुळे येताना चढ आहे, त्यासाठी आपण सावकाश येऊ. गाडीत खच्चून गर्दी असते आणि खिसेकापूही असतात, म्हणून पारपत्र घरीच ठेवायचे. खणलेला भाग फक्त साडेचार हेक्टरांच्या आसपास असल्याने तीन तासांत तो बसत-उठत पाहून होतो.

वेसुव्हियस जिवंत ज्वालामुखी आहे. त्याचा शेवटचा उद्रेक १९४४ मध्ये झाला आणि १८४१ मध्ये स्थापन झालेली वेधशाळा त्याच्यावर अहोरात्र लक्ष ठेवते. मला स्वतःला त्याच्यापेक्षा शहराच्या पश्चिमेकडील काम्पी फ्लेग्रेई या दुसऱ्या ज्वालामुखी भागाची अधिक जाणीव असते, कारण तेथील जमीन हळूहळू वर उचलली जात आहे आणि त्याचे लहान धक्के आम्हाला अधूनमधून जाणवतात. त्याच भागातल्या पोत्सुओली गावात रोमन बाजाराचे तीन संगमरवरी खांब उभे आहेत. त्यांच्यावर बऱ्याच उंचीपर्यंत समुद्री शिंपल्यांनी पोखरलेली भोके दिसतात. म्हणजे ते खांब एकेकाळी समुद्रात बुडाले होते आणि जमिनीबरोबर पुन्हा वर आले. आपण तेथे जाणार नाही, पण तुम्ही विचारलेत म्हणून लिहिले.

ताई: हर्क्युलेनियमच्या किनाऱ्यावर माणसांचे सांगाडे आहेत असे ऐकले. आई-बाबांना ते दाखवावे का, याचा विचार कर.

मी: ताई, तुझी सूचना योग्य आहे. जुन्या किनाऱ्यावर होड्या ठेवायच्या कमानी आहेत आणि १९८० पासूनच्या उत्खननात त्या परिसरात सुमारे ३०० माणसांचे अवशेष सापडले. समुद्रातून सुटका होईल या आशेने ती माणसे तेथे जमली होती. आज कमानींमध्ये दिसतात त्या प्रतिकृती आहेत, तरीही आई आणि मूल एकमेकांना बिलगलेले पाहून माझ्याच्याने तेथे फोटो काढवला नाही. समुद्र आता तेथून बराच लांब गेला आहे. वर मान केली की खड्ड्याच्या काठावर आजच्या एर्कोलानो गावातल्या इमारती आणि वाळत घातलेले कपडे दिसतात. उरलेले जुने शहर त्या घरांच्या खाली आहे, आणि राहत्या लोकांना उठवून ते खणणे मला तरी योग्य वाटत नाही. आत्या, किनाऱ्यापाशी उतरायचे की नाही हे तू तेथे पोहोचल्यावर ठरव.

आत्या: मी उतरेन. नेपल्समधल्या संग्रहालयाचे काय? तेथे आपल्याकडची एक मूर्ती आहे म्हणतात.

मी: आहे, आणि तिच्यासाठीच मी तिसऱ्या दिवसाची सकाळ राखली आहे. पॉम्पेईतल्या एका घरात १९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ अमेदेओ माइउरी यांना एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती जेमतेम २५ सेंटिमीटर उंच आहे. तिला लक्ष्मी म्हटले जात असले तरी अनेक अभ्यासक ती यक्षी असावी असे मानतात. तिच्या डोक्यावर एक भोक आहे, म्हणजे ती बहुधा एखाद्या चौरंगासारख्या सामानाचा पाय किंवा आरशाची मूठ असावी. तिच्याशी मिळत्याजुळत्या हस्तिदंती मूर्ती आपल्या महाराष्ट्रातल्या तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत, हे मला वर्गात एका इटालियन प्राध्यापिकेकडून प्रथम कळले. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. संग्रहालय मंगळवारी बंद असते, म्हणून दिवसांची मांडणी त्याप्रमाणे केली आहे.

आत्या: तुझे म्हणणे पटले, पण एक सांगते. ज्या घरात ती मूर्ती मिळाली, ते गाव न पाहता मी तिच्यासमोर उभी राहिले, तर मला ते अपुरे वाटेल. थोडा वेळ का होईना, पॉम्पेई ठेव.

मी: आत्या, हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता आणि तो मला मान्य आहे. मग असे करू: पहिला दिवस जुन्या शहराचा, दुसरा दिवस हर्क्युलेनियमचा, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर पॉम्पेईतल्या फक्त दोन-तीन रस्त्यांवरून फिरून दुपारी संग्रहालय. पॉम्पेईच्या तिकिटावर आता नाव लागते आणि दिवसाला २०,००० जणांनाच प्रवेश मिळतो, म्हणून तुमची दोघांची पारपत्रावरची नावे मला जशीच्या तशी पाठव. विद्यार्थिनी असूनही मला सवलत मिळत नाही, कारण ती १८ ते २५ वयाच्या युरोपीय संघाच्या नागरिकांपुरती आहे; त्यामुळे आपण तिघांची पूर्ण दराची तिकिटे काढू.

आत्या: नावे आज रात्री पाठवते. आतोबांनी विचारले आहे, त्या शेंगा सोलणाऱ्या आजींच्या गल्लीवरून आपण जाणार ना?

मी: हो, पहिल्या दिवशी सकाळीच. त्या दहाच्या सुमारास खुर्ची बाहेर काढतात.