बाबांच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, रात्र काढायची कशी?

मिरजेची लेक:
बाबा ६६ वर्षांचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेत. अंगणात शेवाळावरून घसरले आणि उजव्या खांद्याचा स्नायू हाडाला बांधणारा दोर तुटला, डॉक्टर त्याला रोटेटर कफ म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. शनिवारी सकाळी घरी सोडेपर्यंत स्वारी खुशीत, "काहीच दुखत नाही गं" म्हणून नर्सबाईंना चहा विचारत होती. दुपारी हात जागा झाला आणि रात्री माणूस पलंगाच्या कडेला बसून नुसता कण्हत होता. तीन गोळ्या दिल्यात, पण डिस्चार्ज देताना समजावून सांगायला कुणाला वेळ नव्हता. बाबा म्हणतात, गोळ्यांनी किडनी जाते. शुगर आणि बीपी दोन्ही आहे. शेजारच्या मावशी तेल चोळून शेक द्यायला सांगतायत. काय करू?

डावा खांदा:
मावशींना हात जोडून सांगा, तेल नको, चोळणं नको, शेक तर अजिबात नको. बर्फ द्या. मी मटारची गोठलेली पिशवी वापरायचे, नॅपकिनमध्ये गुंडाळून १५-२० मिनिटं. ड्रेसिंग मात्र ओलं होऊ द्यायचं नाही.

तुमच्या बाबांचं झालं तेच माझं झालं होतं. ऑपरेशनच्या वेळी मानेत इंजेक्शन देऊन हात बधिर करतात, त्याचा अंमल साधारण १२ ते २४ तास राहतो. तो उतरला की कळ एकदम येते. म्हणून पहिले तीन-चार दिवस गोळी घड्याळावर घ्यायची, "दुखलं की बघू" करत बसायचं नाही. कळ डोक्यात गेल्यावर गोळी घेतली तर तासभर काही उपयोग होत नाही, मी रडून बघितलंय.

आणि त्यांना आडवं झोपवू नका. मी पाच आठवडे हॉलमधल्या आरामखुर्चीत काढले. घरचे म्हणायचे, वॉचमन ठेवलाय. पलंगच हवा असेल तर पाठीमागे उशांची उतरण करा आणि दंडाखाली, कोपराखाली जाड उशी द्या. झोपल्यावर स्वतःचं कोपर स्वतःला दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर ते मागे पडलंय, आणि शिवलेल्या जागी ताण येतोय.

सदरा पुढून बटणांचा. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी.

फिजिओ ताई:
वरचं सगळं बरोबर. गोळ्यांच्या पाकिटांवरचे घटक मात्र वाचा. सूज उतरवणाऱ्या आणि ट्रामाडॉलच्या (जास्त दुखण्यावरचं जोरदार औषध) बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं, बहुधा ३२५ मिलिग्रॅम. वर साधी ६५० ची घेतली की बेरीज वाढते. दिवसाला एकूण ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही, वयस्कर माणसाला डॉक्टर बहुधा ३ वर थांबवतात. बाबांची किडनीची शंका अगदीच वेडगळ नाही, पण ठरलेल्या मात्रेतल्या पॅरासिटामॉलला ती सहसा लागू नाही. सूज उतरवणाऱ्या गोळीबद्दल "शुगर-बीपी आहे, चालेल का?" असं उद्या सकाळीच फोन करून विचारा. ट्रामाडॉलने पोट गच्च होतं, गरगरतं. रात्री एकट्यांना बाथरूमला पाठवू नका.

बोटं आणि मनगट दिवसातून चार-पाचदा हलवू द्या. खांदा स्वतःहून उचलायचा नाही, लोंबकळत्या हाताचा व्यायामसुद्धा सर्जन सांगतील तेव्हाच. दंडावर काळंनिळं उतरलं तर घाबरू नका. ताप, जखमेतून पू, पोटरी सुजून दुखणं, दम लागणं, बोटं गार किंवा निळी पडणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

मिरजेची लेक:
फोन केला. सूज उतरवणारी गोळी बंद करायला सांगितली, बाकीच्या वेळेवर चालू आहेत. माळ्यावरची आजोबांची आरामखुर्ची खाली काढली. "कोपर दिसतंय का" म्हटलं की बाबा मान वळवून सांगतात, "साइड क्लिअर." हाक मारायला देवघरातली घंटा दिलीय. एक टोला पाणी, डबल बेल म्हणजे बाथरूम. काल रात्री दोनदाच वाजली. आता मानेला स्लिंगचा पट्टा काचतोय. खाली फडकं ठेवलं तर चालेल ना?

डावा खांदा:
चालेल. जुन्या सुती साडीचं घ्या, टॉवेल नको, घामाने बोचतो. आणि हाताचं वजन उशीवर येतंय ना बघा. पट्टा तेवढा काचत असेल तर बहुतेक हात मानेवरच लटकतोय.